कोल्हापुरात कारभार आणि सार्वजनिक धोरणावरची येणारी व्याख्यानं, चर्चासत्रं : इथे टाका, आणि प्रश्न घेऊन जाऊया

रंकाळावेस

नमस्कार मंडळी,

दर वेळी हेच होतं. एखादं चांगलं व्याख्यान होऊन जातं आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून कळतं. म्हणून हा धागा काढतोय. स्थानिक स्वराज्य, अंदाजपत्रक, पूर, पाणी, शहर नियोजन, शाळा, आरोग्य, माहिती अधिकार, कारभाराशी संबंध असलेल्या कुठल्याही विषयावर कोल्हापुरात किंवा जिल्ह्यात जाहीर व्याख्यान, परिसंवाद, चर्चासत्र असेल तर इथे लिहा. ठिकाण, वेळ, प्रवेश खुला आहे की नोंदणी लागते, आणि प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय का, एवढं नक्की लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

या विषयांचा हंगाम आपल्याकडे बराचसा ठरलेला असतो. २६ जूनला शाहू जयंती, त्याच्या मागंपुढं सामाजिक न्यायावरची भाषणं. २८ सप्टेंबरच्या आसपास माहिती अधिकार. २६ नोव्हेंबरला संविधान दिन. १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प आला की आठवडाभर विश्लेषणांची रांग. २४ एप्रिलला पंचायत राज दिन. शाहू स्मारकचा फलक जाता-येता बघत चला, विद्यापीठातल्या राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र विभागांच्या सूचनांवर कुणीतरी लक्ष ठेवा. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून या गावात आहे, तिथेही विचारत राहायला हवं. भाषण ऐकायला जाणं ही कोल्हापूरला नवी गोष्ट नाही.

आता खरं का लिहितोय ते सांगतो.

मध्यंतरी एका संस्थेत पूर व्यवस्थापनावर चर्चासत्र होतं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण हे अनेक ठिकाणी होतं. तीन वक्ते, तिघंही अभ्यासू. पडद्यावर नकाशे, उपग्रहाची चित्रं. शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या, कामावरून तशाच आलेल्या. हातात दुधाची धुतलेली पिशवी आणि तिच्यात घडी घालून ठेवलेली पंचनाम्याची झेरॉक्स. दोन तास त्यांनी ती पिशवी मांडीवरून हलवली नाही. प्रश्न विचारायची वेळ आली तशा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात पाणी छातीला लागलेलं. कागदावर दोन फूट लिवलंय. हे कुणी मोजलं?" सूत्रसंचालकांनी "वेळेअभावी" म्हणून माईक परत घेतला. त्यानंतर आभार प्रदर्शन बारा मिनिटं चाललं. मी घड्याळ बघितलं होतं. बारा मिनिटं.

मी उठून "त्यांचं उत्तर द्या" असं म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. बाहेर येईतो त्या गेल्या होत्या. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : यापुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला आपल्यातले निदान तिघं जाऊया, एकत्र बसूया, आणि विषयाचा एक कागद वाचून जाऊया. ठराव, अंदाजपत्रकातलं पान, शासन निर्णय, जे असेल ते. प्रश्न आधी लिहून न्यायचा, दोन वाक्यांत. एकाचा माईक काढून घेतला तर दुसऱ्यानं तोच प्रश्न विचारायचा. यावर काय वाटतं?

मंगळवार_पेठ

एकदम मनातलं लिहिलंत दादा. मी आहे. आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर सत्तर-ऐंशी माणसं बसतील एवढी जागा आहे, पंखे आहेत, माईक आहे. भाडं नाही. बाहेरच्या व्याख्यानांची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच काही ठरवायचं असेल तर सांगा.

बिंदू_चौक

धागा चांगला आहे, पण मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्याख्यानांनी काय होतं? कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांवरचा टोल व्याख्यानांनी गेला का? रस्त्यावर माणूस उतरला, म्हणून गेला. मी त्या प्रत्येक मोर्चात होतो. हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवणारे वेगळे आणि रस्त्यावर येणारे वेगळे.

रंकाळावेस

बिंदू चौक, राग कसला, मीही त्या मोर्चात होतो. पण तुम्हीच आठवून बघा. रस्त्यांचा प्रकल्प २२० कोटींचा, टोलवसुली ३० वर्षं. हे आकडे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ कसे झाले? टोलविरोधी लढ्याचे नेते एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे अण्णा प्रत्येक सभेत तेच समजावून सांगत होते म्हणून. आणि शेवटी सगळं अडलं ते प्रकल्पाचं मूल्यांकन किती धरायचं याच्यावर. घोषणेनं दार उघडलं, पण आत गेल्यावर बोलणी आकड्यांवरच झाली. त्या सभा म्हणजे माझ्या लेखी या शहरातली सगळ्यात चांगली धोरणविषयक व्याख्यानं होती, फक्त त्यांना कुणी तसं म्हटलं नाही.

बिंदू_चौक

हे मान्य. अण्णा सभेत आधी आकडा सांगायचे, मग घोषणा द्यायची. बरोबर आहे तुमचं.

जुना_हिशेबनीस

मी दुसऱ्या एका शहराच्या नगरपालिकेत लेखा विभागात पस्तीस वर्षं काढली, आता राजारामपुरीत असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेच्या अंदाजपत्रकावर कुठे ना कुठे चर्चा होईलच. तिथे जाणाऱ्यांसाठी थोडं लिहितो, कारण बहुतेक लोक फक्त एकूण रक्कम बघतात, आणि एकूण रकमेत काहीही कळत नाही.

अंदाजपत्रकाच्या पानावर एका लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमा-खर्चाच्या एका बाबीपुढे, तीन-चार रकाने असतात. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती शेवटच्या रकान्याची. तुम्ही आधी पहिला रकाना वाचा. समजा एखाद्या कामाला मूळ अंदाजात पन्नास लाख धरले, सुधारितमध्ये ते बारा झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा साठ दाखवले. हे उदाहरण म्हणून सांगतोय, पण असं पान मी आयुष्यात शेकड्यांनी टाईप केलंय. तुमचा प्रश्न त्या बारा लाखांवर हवा. काम का झालं नाही? निविदाच निघाली नाही, की निघून कुणी भरली नाही, की जागा ताब्यात नव्हती? वक्त्याला याचं उत्तर देताना खरंच विचार करावा लागतो.

दुसरं, महसुली आणि भांडवली हा फरक. पगार, पेन्शन, वीजबिल, दुरुस्ती हे महसुली. नवीन टाकी, नवीन रस्ता हे भांडवली. भांडवली बाजूला शासनाचं अनुदान धरलेलं असतं आणि त्यात महापालिकेनं आपला हिस्सा घालायचा असतो. हिस्सा नसेल तर अनुदान कागदावरच राहतं. आणि राखीव निधी बघा. दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचाच आहे. तो खर्च झाला का आणि कशावर, एवढं विचारलं तरी सभागृहात शांतता पसरते, हे मी समोर बसून बघितलंय.

कुणाला शिकायचं असेल तर मी दोन तास द्यायला तयार आहे. मानधन नको. फक्त लोकांनी पेन्सिल घेऊन यावं.

मंगळवार_पेठ

काका, मग तालमीत तुमचंच पहिलं ठेवूया.

एमए_भाग_दोन

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, गडहिंग्लजकडची, इथे वसतिगृहात राहते. दोन गोष्टी मांडायच्या आहेत.

पहिली वेळेची. सगळी व्याख्यानं संध्याकाळी सहाला. म्हणजे सुरू होणार पावणेसातला, संपणार साडेआठ-नऊला. वसतिगृहाचं गेट, केएमटीची म्हणजे शहर बसची शेवटची गाडी, तालुक्याच्या गावांना जाणारी एसटी, हे सगळं त्या वेळेत बसत नाही. मागच्या रांगेतल्या मुली प्रश्नोत्तरांच्या आधी उठून का जातात याचा आयोजकांनी कधी विचार केलाय का, मला माहीत नाही. रविवारी सकाळी अकरा ही वेळ ठेवा, गावाकडून येणारेही येतील.

दुसरी भाषेची. आमच्याकडच्या चर्चासत्रांत निबंध इंग्रजीत वाचले जातात आणि चहाच्या वेळी तेच लोक तोच विषय मराठीत इतका सुंदर समजावून सांगतात की वाटतं, हेच व्यासपीठावर का नाही बोलले? वाचताना मान खाली, बोलताना डोळ्यात बघतात. १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत काळे स्मृती व्याख्यान देताना बाबासाहेब संघराज्याच्या योजनेवर बोलले, तेव्हा तो देशापुढचा अगदी ताजा प्रश्न होता. ते व्याख्यान आम्ही अजून अभ्यासतो. व्याख्यान असं चालू प्रश्नाला भिडलं तर टिकतं, असं मला वाटतं.

तुमच्या तिघांमध्ये मला धरा. बसायला पहिली रांग घेऊया.

भुदरगडकर_गुरुजी

धागा शहराचा आहे, तरी गावाकडचं सांगतो. आम्हाला दरवर्षी चार व्याख्यानं हक्कानं मिळालेली आहेत, ती म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा. पण तिथंही वही फिरवून सह्या घेतल्या की झालं, अशी सवय लागलीय.

मी शाळेतून निवृत्त झाल्यावर एक केलं. "आमचा गाव, आमचा विकास" आराखड्याची प्रत घेतली आणि चावडीच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचली. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, हे ऐकून म्हातारी माणसंसुद्धा पुढं सरकली. एक आज्जी म्हणाल्या, "गुरुजी, मग आमच्या वस्तीवरची गटार कुठल्या साठात बसत्या?" मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना विचारून सांगितलं. ती गटार पुढच्या आराखड्यात आली. झाली का? निम्मी झाली. निम्मी व्हायची आहे.

आणि शिरोळ तालुक्यातलं हेरवाड विसरू नका. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. धोरण मुंबईतून गावाकडं येतं असंच आपण धरून चालतो. हे उलट गेलं, आपल्या जिल्ह्यातून. यावर कोल्हापुरात एक चांगलं व्याख्यान व्हायला पाहिजे, आणि बोलायला हेरवाडच्याच बायकांना बोलवायला पाहिजे. ठरावानंतर घरात काय बदललं आणि काय बदललं नाही, हे त्याच सांगू शकतील.

पाचगावकर

हद्दवाढीवर कुठे चर्चासत्र असेल तर मला जरूर कळवा. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द आणि आमची गावं हा विषय चाललाय. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. बांधकामाचा नकाशा एकीकडे, पाणी दुसरीकडे, कचरा तिसरीकडे. शहराच्या बाजूनं भरलेल्या सभेत आम्हाला फुकटे म्हणतात, गावच्या सभेत शहराला लुटारू म्हणतात. दोन्ही सभांना मी गेलोय आणि दोन्हीकडून डोकं दुखवून परत आलोय. एकाच व्यासपीठावर दोघांचे आकडे मांडा की. घरफाळा किती वाढेल, पाणी कधी मिळेल, किती वर्षांत मिळेल, एवढं तीन ओळीत सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

खंडपीठ_आवारातून

मी वकिली करतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची कामं कोल्हापुरात आली. जनहिताच्या विषयांवर बोलणारे अनुभवी वकील आता गावात आहेत, त्यांना बोलवा. पण मला एक वेगळंच सांगायचंय.

प्रश्न कसा विचारायचा, यावर एक छोटं सत्र घ्या. माहिती अधिकारात रोज बघतो. लोक लिहितात, "आमच्या गल्लीतला रस्ता का केला नाही?" उत्तर येतं, "अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही." आणि ते उत्तर कायद्याला धरून असतं. कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. म्हणून विचारायचं असं : अमुक रस्त्याच्या कामाचा प्रस्ताव, त्यावरची टिपणी, निविदा आणि कार्यादेश यांच्या प्रती द्याव्यात. टिपणीत कारण आपोआप सापडतं. अर्जाला १० रुपये, मुदत ३० दिवस. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, हे लक्षात ठेवा.

आणि पुष्कळांना माहीत नसलेली सोय. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यात नागरिकांना अभिलेख बघायला मिळायला हवेत. रंकाळावेस म्हणतात तो "एक कागद" तिथेच मिळेल. व्याख्यानाच्या आधीच्या सोमवारी जा.

चिखलीकर

मी प्रयाग चिखलीचा. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा आम्ही तासातासाला बघतोय. ३९ फूट इशारा, ४३ धोका. आकडा ४० च्या वर सरकायला लागला की जनावरं सोडायची, आंबेवाडी आणि आम्ही आधी. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा ५५ च्या वर गेलं. दोन्ही वेळा शाळेच्या खोलीत राहिलोय.

पुरावरच्या भाषणांना मी जातो. प्रत्येक भाषण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जाऊन थांबतंय. अलमट्टीचा विषय महत्त्वाचा हाय, ५१९.६० मीटरवरनं ५२४ च्या पुढं उंची नेणार म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा येतोयच. पण अलमट्टी माझ्या हातात न्हाई. शिरोलीजवळच्या हायवेच्या भरावाला मोऱ्या किती, निळ्या रेषेच्या आत गेल्या पाच वर्षांत बांधकाम परवाने किती, हे इथल्या कार्यालयातल्या कागदात हाय. त्याच्यावर कोण बोलत न्हाई. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. आमच्यात लाल रेषेचं पाणी दोन वर्षांच्या अंतरानं बघितल्यासारखं झालं. मग रेषा कुठल्या सालच्या पावसावर काढल्यात, एवढंच मला विचारायचंय. २०१९ च्या पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीचा २०२० चा अहवालही असाच कपाटात ऱ्हायला नको, त्याच्यावर एक अख्खं व्याख्यान ठेवा.

आणि ते आमच्यात ठेवा, किंवा सुतारवाड्यात. पाणी जिथं शिरतंय तिथल्या भिंतीवर खुणा हायत. वक्त्यानं त्या खुणेशेजारी उभं राहून बोलावं.

एमए_भाग_दोन

दादा, तुमचा रेषेचा प्रश्न मी जसाच्या तसा वहीत उतरवून घेतलाय. परवानगी असेल तर आमच्या विभागात पुढचं चर्चासत्र होईल तिथे विचारीन.

चिखलीकर

विचारा ताई. माझं नाव नको, गावाचं घ्या.

उपनगरातली_आई

मी राजकारणातलं काही कळणारी नाही. थेट पाईपलाईनचं पाणी काळम्मावाडी धरणातनं २०२३ च्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा मीही देवापुढं साखर ठेवली होती. आमच्या कॉलनीत मात्र पाणी कमी दाबानंच येतं, पहाटे साडेचारला, पाऊण तास. धरणात पाणी आहे, मोठी नळी आहे, मग मधे काय अडतं? टाक्या, वितरण वाहिन्या, गळती, पंपाची वीज, लोक वेगवेगळं सांगतात. कुणी अभियंता येऊन आमच्या कॉलनीचा नकाशा समोर ठेवून हे समजावून सांगेल का? असलं व्याख्यान असेल तर मी शेजारच्या दहा जणींना घेऊन येईन. पहाटेचं पाणी भरून आम्ही अकरापर्यंत मोकळ्या असतो.

जुना_हिशेबनीस

ताई, तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग अंदाजपत्रकातच आहे. अंतर्गत वितरण वाहिन्यांचं लेखाशीर्ष वेगळं असतं. पहिल्या रविवारी या, तेच पान उदाहरणाला घेतो.

बिंदू_चौक

वॉर्ड समिती, क्षेत्रसभा याच्यावर पण कुणीतरी बोला. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात असं घटनेतच आहे, आपण २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या घरात होतो. गावाला ग्रामसभा मिळाली, आमच्या पेठेला कुठली सभा? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासक होता. त्या काळात विचारायला कुणी नव्हतं, हे मी अनुभवलंय. मी आधी व्याख्यानाला काय अर्थ आहे म्हणालो, ते मागं घेतो. या विषयावर तालमीत सभा लावा, माणसं मी गोळा करतो.

रंकाळावेस

मला वाटलं होतं दोन-चार तारखा येतील आणि धागा खाली जाईल. तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, मनापासून आभार.

ठरवूया असं. बाहेरच्या कार्यक्रमांच्या तारखा इथेच येत राहू द्यात. आणि तालमीत आपलं स्वतःचं सुरू करूया, महिन्यातून एक रविवार, सकाळी अकरा. पहिलं काकांचं, अंदाजपत्रकाचं पान कसं वाचायचं. दुसरं वकीलसाहेबांचं, प्रश्न आणि अर्ज. तिसरं पुराच्या रेषांवर, पण ते तालमीत नाही, चिखलीत. अभ्यासू वक्ता आपण शोधूया, तोवर चिखलीकर खुणा दाखवतील. हेरवाड, हद्दवाढ, वॉर्ड समित्या आणि पाणी मी लिहून ठेवलंय, क्रम नंतर ठरवू. बोलायला पाऊण तास, प्रश्नांना सव्वा तास. हार, शाल, श्रीफळ नाही. आभार एका वाक्यात.

वकीलसाहेब, एक विनंती. त्या बाईंचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो अर्जात कसा लिहायचा?

खंडपीठ_आवारातून

असा लिहा : "२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर घरांचे पंचनामे करताना पाण्याची उंची कशी मोजावी व नोंदवावी, याबाबत पंचनामा पथकांना दिलेल्या लेखी सूचनांची प्रत द्यावी. तसेच अमुक गल्लीतल्या सर्व पंचनाम्यांतल्या पाण्याच्या उंचीच्या नोंदी अवलोकनास उपलब्ध कराव्यात."

शेजारच्या चार घरांत पाच-पाच फूट आणि एकाच घरात दोन फूट असेल तर ते तिथेच दिसेल. सूचनाच लेखी नसतील तर तसं उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तरही कामाचं आहे. गल्लीचं नाव तेवढं हवं.

रंकाळावेस

गल्ली मला माहीत नाही. त्या दिवशी विचारलंच नाही.

एमए_भाग_दोन

त्या चर्चासत्राला नोंदणीची वही होती का? आपण ज्या ज्या कार्यक्रमाला जातो तिथे प्रवेशाला नाव, पत्ता लिहून घेतात. आयोजकांकडे ती असेल. पत्ता त्यांनी आपल्याला देऊ नये, पण त्यांच्याकडून त्या बाईंना निरोप तर जाईल.

रंकाळावेस

होती. दारात टेबलावर, निळ्या पुठ्ठ्याची. उद्या सकाळीच जातो.

मंगळवार_पेठ

येत्या सोमवारी पावणेतीनला मी महापालिकेच्या दारात थांबतो, अंदाजपत्रकाचं पान बघायला कोण कोण येतंय ते लिहा. रविवारसाठी त्याच्या चाळीस झेरॉक्स काढतो. जिना थोडा चढा आहे, कुणाला वर येणं अवघड असेल तर आधी सांगा, खालच्या मातीशेजारच्या खोलीत बसूया सगळे.

उपनगरातली_आई

सोमवारी आम्ही चौघी येतो.